जवायाचा रुसवा अन् नंदिनीचा पासवर्ड

नंदिनीच्या बोटायले एक सवय लागली होती, ते पयले सांगतो, कारन पुढची सारी भानगड तिथूनच हाय. कंप्युटरपुढून उठली का तिची दोन बोटं आपोआप दोन बटनांवर जात, विंडोचं बटन अन् एल. खट. पडदा बंद. पानी प्याले उठली तरी खट. एकदा मांजर दुधात तोंड घालून राह्यली होती, माय चुलीपासून वरडून राह्यली होती, तरी हिनं पयले खट केलं अन् मंग मांजरीमागं धावली. तिची माय, शकुबाई, म्हने, "माय मेली तरी हे पोट्टी पयले बटन दाबीन, मंग रडाले येईन."

ही सवय लावली रुबीनानं. सिंदेवाहीले कय्यूमभाऊचं कंप्युटर दुरुस्तीचं दुकान हाय ना, त्यायची पोरगी. कॉलेजात दोघी एका बाकावर. नंदिनीनं धानाच्या रोवन्याच्या मजुरीतून जुना कंप्युटर घेतला तो त्यायच्याच दुकानातून, अन् रुबीना स्वतः गाडीवर बसून गावात आली तो लावून द्याले. सपरीत, म्हंजे घराच्या पुढच्या पडवीत, टेबल मांडला, वरून मायच्या जुन्या लुगड्याचं झाकन. अन् आपल्या गावात सपरीत ठेवलेली वस्तू म्हंजे साऱ्या गावाची. कोनाले सातबारा पायजे, कोनाले स्कॉलरशिपचा फारम भरायचा, कोनाले पोराच्या बारशाचे फोटो पाहायचे. दाराले नुसती कडी, ते बी दिवसा कोनी लावत नाई.

रुबीनानं हे पाहलं अन् म्हनली, "देख नंदिनी, हे असं नाई चालनार. दोन खाती करू. एकाचं नाव 'घर'. ते उघडं, येनाऱ्या-जानाऱ्यानं खुशाल पाहावं. दुसरं तुयं, त्याले पासवर्ड."

"काय टाकू? नाव टाकू?"

"नाव नाई, जन्मतारीख नाई, गाडीचा नंबर तं बिलकुल नाई. आमच्या दुकानात येनाऱ्या अर्ध्या लोकायचे पासवर्ड मी त्यायची गाडी पाहूनच सांगते. लांब काहीतरी टाक, जे तुयाशिवाय कोनाले सुचनार नाई."

मंग नंदिनीनं थोडा वेळ डोळे मिटले अन् टाकलं. इंग्रजी अक्षरायत, मंधी जागा न सोडता. 'पानी तुमचं, गाळ माझा.'

आता हे वाक्य कुठलं? तं तिच्या नाटकातलं. नंदिनी नाटक लिवून राह्यली होती बाप्पा. आपल्या झाडीपट्टीत दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव नाटकं, वडस्याले नाटक कंपन्यायच्या हापिसांची रांग, पोस्टरवर नट-नट्यायचे फोटो, अन् खाली बारीक अक्षरात लेखकाचं नाव. ते बारीक अक्षर नंदिनी लहानपनापासून वाचे. बाकी पोट्ट्या नटीच्या साड्या पाहत, हे लेखकाचं नाव वाचे. अन् बाईचं नाव तिले एकदाही सापडलं नाई.

नाटकाचं नाव 'गाळ'. एक विधवा असते. तिच्या नवऱ्याच्या वाट्याची बोडी, म्हंजे धानाच्या पान्यासाठी बांधलेलं लहान तळं, गाळानं भरून गेलेली असते. हे बाई चार उन्हाळे एकटी गाळ काढते. बोडी भरते, अन् मंग दीर येतेत पान्यावर हक्क सांगाले. तवा ते बाई पंचायतीत उभी राहून म्हनते, पानी तुमचं, गाळ माझा. नेऊन दाखवा माझा गाळ. बस, तिथी पडदा. रुबीनानं उन्हाळ्यात दुकानात बसून वाचलं अन् सरळ पेनड्राइव्ह काढला. "याची एक कॉपी माझ्यापाशी राहीन. तुया घरी आग लागो, पूर येवो, हे वाचलं पायजे."

आगीचा विचार केला दोघींनी, पुराचा केला. जवायाचा नाई केला.

नंदिनीची मोठी बहीन चंचल, तिचं लगन झालं होतं त्याच उन्हाळ्यात, आरमोरीले. जवाई श्रीहरी मोहुर्ले. वडस्याच्या एका कंपनीत ऑक्टोपॅड वाजवे. मानूस वाईट नाई, हे बी सांगून ठेवतो, नाईतं तुमी आतापासूनच शिव्या द्याल. हसरा, बोलका, सासूले 'आईसाहेब' म्हननारा. फक्त त्याले एक वाटे का वाजवनाऱ्याले कोनी पुसत नाई. पोस्टरवर त्याचं नाव तबल्यावाल्याच्याही खाली.

दिवाळी झाली अन् गावची मंडई आली, म्हंजे दिवाळीमागची जत्रा. मंडईच्या दिवशी आपल्याकडं कसं असते, घरात पाय ठेवाले जागा नाई. आत्या, मावश्या, त्यायचे पोट्टे, त्या पोट्ट्यायचे दोस्त. अन् लग्नानंतरची पयली मंडई म्हनल्यावर जवायाचा मान. नवीन कपडे, मटन, वडे, अन् रुसवा. जवायानं ताटावर बसून रुसायचं, काहीतरी मागायचं, सासऱ्यानं ते द्यायचं, मंग पयला घास. तोवर पंगतीत कोनीच घास उचलत नाई. कोनी अंगठी मांगते, कोनी मोबाइल. मुखरूभाऊनं, म्हंजे नंदिनीच्या बापानं, घड्याळ आनून ठेवलं होतं कपाटात, डब्यासकट.

भरदुपारी पंगत बसली. वाढून झालं. श्रीहरी ताटावर बसला अन् हात मांडीवर ठेवून हसत बसला.

मुखरूभाऊ म्हनले, "बोला पाव्हने, काय पायजे?"

"घड्याळ नको मामाजी, चंचलनं सांगतलं मले घड्याळाचं." सारे हसले. "मले काहीच नको. आमच्या साळीबाईच्या कंप्युटरचं कुलूप खोला म्हना. इतकी काय इस्टेट लपवली हाय ते पाहू द्या. पासवर्ड सांगाल तवाच जेवतो."

सारी पंगत अजून जोरात हसली. दसरूकाका, शेजारचा बुढा, तो तं वाटच पाहत होता. "बरं मांगतलं गा. आमाले बी फारम भराले बसवते अन् खट करून उठते. बँक हाय का व आतमंधी?"

नंदिनी सुवाऱ्यायची, म्हंजे पुऱ्यायची, टोपली घेऊन उभी होती. म्हनली, "भाऊजी, 'घर' उघडलंच हाय ना. गाने, फोटो, सारं तिथीच हाय."

"घरचं नको. तुयं पायजे."

"माझ्यात काही नाई."

"काही नाई तं कुलूप काऊन?"

आता सांगा, याले काय उत्तर द्याल? लगन न झालेली पोरगी, कुलूप लावून ठेवते, अन् काऊन ते सांगत नाई. एका मावशीनं दुसरीकडं पाहलं. ते पाहनं शकुबाईनं पाहलं. मुखरूभाऊ ताटाकडं पाहत होते, रस्सा थंडा होऊन राह्यला होता, अन् वीस-पंचवीस मानसं हात गुंडाळून बसलेली. लहान पोट्टे वड्याकडं पाहून राह्यले.

शकुबाई जवळ आली अन् दातातल्या दातात म्हनली, "खोल म्हनतो ना. बापाची मान खाली घालते का लोकात?"

नंदिनीनं टोपली ठेवली. तिले वाटलं, आपन हुशार. पासवर्ड सांगितलाच नाई तिनं. सपरीत गेली, आंगाचा आडोसा केला, स्वतः टाइप केलं. खुललं. म्हनली, "झालं, पाहा अन् जेवा." पन श्रीहरी ताट उचलूनच आला मागं. टेबलावर ताट, खुर्चीवर तो, डाव्या हातानं माउस, उजव्या हातानं घास. पंगतीत 'झालं, झालं, घ्या' असा गलका उठला अन् सारे जेवाले लागले.

नंदिनीची दोन बोटं बटनाकडं गेली. तिथी श्रीहरीचं मनगट होतं.

"पाहतो ना थोडं, पळून जातो का मी?"

अन् तिकडून मायची हाक, "नंदे, वडे वाढ, आत्याचं ताट खाली हाय." गेली. वडे वाढले, रस्सा वाढला, पानी वाढलं. दर फेरीत सपरीकडं पाहे. एका फेरीत श्रीहरीच्या खिशातून पेनड्राइव्ह निघालेला दिसला. "गाने घेऊन राह्यलो व, कंपनीत लागतेत," तो तिथूनच म्हनला, हसूनच. शेवटी तिले जागा भेटली तवा तो हात धुवाले गेला होता. तिनं खट केलं. पडद्यावर रश्श्याचा एक पिवळा ठिपका होता, तो पदरानं पुसला.

मंडईनंतर ती 'गाळ' घेऊन वडस्याले गेली, डोमाजी सरांकडं. दुसऱ्या एका कंपनीचे जुने दिग्दर्शक, कडक मानूस. त्यायनं नाटक ठेवून घेतलं, दोन आठवड्यांनी फोन केला अन् म्हनले, "पोरी, या हंगामात आता नाई जमत, पन पुढच्या दिवाळीले पयलं नाटक हेच. पोस्टरवर नाव काय टाकू?" तिनं पूर्न नाव सांगितलं. नंदिनी मुखरू गुरनुले. फोन ठेवल्यावर ते नाव तिनं कंप्युटरवर वेगवेगळ्या अक्षरात लिवून पाहलं, बारीक, जाड, वाकडं.

अन् मंग संक्रांतीच्या मागून, एके दिवशी दुपारी ती रुबीनाच्या दुकानात बसली होती. रस्त्यावरून प्रचाराचा ऑटो आला. तुमाले माहीत हाय ते ऑटो, वरती भोंगा, दोन्ही बाजूले पोस्टर, 'आज रात्री ठीक दहा वाजता, भव्य शामियान्यात.' दोघींनी लक्ष बी देल्लं नाई. नाटकाचं नाव आयकून रुबीना हसली बी. 'वैनी झाली वाघीण'. मंग म्युझिक थांबलं अन् भोंग्यातून एका बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज आला, गळा फाडून.

"पानी तुमचं... गाळ माझा... नेऊन दाखवा माझा गाळ."

बाजारात, भाजीवाल्यायपुढून, बसस्टँडपर्यंत, तिचा पासवर्ड भोंग्यावर वाजत गेला.

रुबीना उठून बाहेर पळाली. ऑटोवाल्यानं चहाच्या टपरीपाशी गाडी उभी केली होती. पोस्टरवर वाघिनीचं तोंड, त्यात नटीचं तोंड, अन् खाली, या वेळी बारीक नाई, चांगलं ठळक. लेखक श्रीहरी मोहुर्ले. संगीतातही त्याचंच नाव होतं, पन ते बारीक.

नंदिनी दुकानाच्या पायरीवरून उठलीच नाई. रुबीनानं येऊन सांगितलं तवा फक्त इतकं म्हनली, "वैनी होती माझ्या नाटकात. वाघीण नव्हती."

संध्याकाळच्या आत डोमाजी सरांचा फोन. आवाज शांत, म्हनून जास्त लागला. "पोरी, मी म्हातारा झालो पन बहिरा नाई झालो. दुसऱ्याचं स्टेजवर आलेलं नाटक तू मले आपलं म्हनून देल्लं?"

"सर, माझंच हाय ते."

"मंग सिद्ध कर. तारीख असन, कागद असन, काहीतरी आन. नाईतं वडस्यात कोन्या कंपनीची पायरी चढू नको."

रुबीना बाजूलेच उभी होती. फोन बंद झाल्याबरोबर तिनं गल्ल्यातून पेनड्राइव्ह काढला. "हे पाह्य. उन्हाळ्यातल्या तारखा हायेत याच्यात, पयल्या पानापासून. तुया भाऊजीच्या फाइलीवर मंडईची तारीख असन. उद्याच वडस्याले जाऊ. मी येते. अब्बाले बी घेऊ."

"पयले आरमोरीले जाऊ दे."

"काऊन? त्याले सांगाले?"

"ताईले सांगाले."

दुसऱ्या दिवशी ती एकटी आरमोरीले गेली. चंचल आंगनात लाखोळीची दाळ निवडत होती. बहिनीले पाहून उठली नाई, फक्त सूप बाजूले केलं. त्यावरूनच नंदिनीले समजलं.

"तुले माहीत होतं?"

"म्याच सांगितलं होतं त्याले. लगनाच्या पयल्या महिन्यात. माझी बहीन नाटक लिवते म्हनून. कौतुकानं सांगतलं व."

"अन् मंग?"

"मंग मंडईवरून आल्यावर ते मलेच म्हनले, वाच अन् नावं बदल. त्यायले कंप्युटरवर लवकर जमत नाई." चंचलनं लाखोळीतला एक खडा उचलून फेकला. "वाघिनीचं म्या नाई केलं. ते कंपनीवाल्यायनं केलं."

नंदिनीनं मोबाइल पुढं केला, डोमाजी सरांचा नंबर दाखवला. "मले चोर म्हनून राह्यले, ताई. रुबीनापाशी सारं हाय. मी फक्त जाऊन दाखवते."

चंचलनं दाराकडं पाहलं. आतून सासूच्या खोकल्याचा आवाज येत होता. मंग ते हळू आवाजात म्हनली, "इथी मले काय म्हनून बोलावत होते, ते तुले सांगतलं नाई म्या कधी. माय-बापाले बी नाई सांगतलं. आता कंपनीनं नाटक घेतलं तवापासून हे बुढी चारचौघात म्हनते, आमच्या लेखकाची बाई. दोन महिने झाले, ताट माझ्यापुढं नीट ठेवते. तू दाखव. तुयं हाय, तू दाखव. फक्त दाखवल्यावर मले घ्याले ये. तुमी ठेवून घ्याल ना मले?"

 नंदिनीले मायचा आवाज आयकू आला, बापाची मान दिसली. हाव, ठेवून घेऊ, म्हनाले तिचं तोंड उघडलं होतं, इतक्यात फाटक वाजलं अन् श्रीहरी आला. नवीन जॅकेट. "अरे वा, साळीबाई. च्या मांड व चंचल." खुर्ची ओढून बसला. तिच्या हातातला मोबाइल पाहला, त्यावरचं नाव पाहलं, अन् हसनं थोडं कमी झालं, गेलं नाई.

"रागावली का? पाह्य, पोट्टीच्या नावाचं नाटक कोनत्या कंपनीनं घेतलं असतं? म्या स्टेजवर तं आनलं. घरातल्या घरात काय तुयं अन् काय माझं? मानधनातून तुले साडी घेऊन ठेवली हाय, विचार हिले."

चंचल चहा टाकाले उठली. उठताना तिचा हात सुपाले लागला अन् निवडलेली अन् न निवडलेली लाखोळी एक झाली. ते परत खाली बसली अन् पयल्यापासून निवडाले लागली.

नंदिनीनं आंगनाच्या बाहेर येऊन, बाभळीखाली उभी राहून फोन केला. बोलाले जास्त वेळ लागला नाई.

"सर, चुकलं माझं. भाऊजीचंच होतं ते. म्या फक्त टाइप करून देल्लं होतं."

तिकडून डोमाजी सर म्हनले, "असं खोटं बोलन्यापेक्षा तवाच सांगतलं असतं तं बरं झालं असतं." अन् ठेवला.

रुबीनाले हे कळलं तवा ते महिनाभर बोलली नाई तिच्यासंग. मंग एक दिवस फक्त विचारलं, "पेनड्राइव्हचं काय करू?" नंदिनी म्हनली, "तुया दुकानात लागते ना, गिऱ्हाइकाचं काही टाक त्यात."

'वैनी झाली वाघीण' चाललं बाप्पा, जोरात चाललं. आपल्याच गावातल्या लोकायनं दुसऱ्या गावात जाऊन पाहलं अन् येऊन मुखरूभाऊले सांगतलं, जवाई नावाजला तुमचा. मुखरूभाऊले सारं माहीत होतं. नंदिनीनं सांगितलं होतं त्यायले, मायले बी. त्यायनं त्या रात्री जेवन नाई केलं, इतकंच. सकाळी म्हनले, "चंचलचा संसार हाय, बेटा." अन् नांगर घेऊन निघून गेले.

मंग परत दिवाळी, परत मंडई. परत तेच घर भरलेलं, तेच वडे. रुसवा खरं तं पयल्या मंडईलेच असते, पन श्रीहरी आता मोठा मानूस, त्याले कोन अडवते? ताटावर बसला, हात मांडीवर. आंग थोडं सुटलं होतं अन् डोळ्याखाली काळं आलं होतं. कंपनीवाले दिवाळीच्या आधीपासून मागं लागले होते, लेखकसाहेब, नवीन कुठी हाय? तारखा देऊन बसलो आमी. चंचल मोरीपाशी उभी होती, ते बहिनीकडं पाहत नव्हती.

"बोला जवाईबुवा," दसरूकाका म्हनले, "यंदा काय?"

"मांगच्या बारीचंच," श्रीहरी म्हनला. हसला, पन या बारीले हसनं उशिरा आलं. "साळीबाईचा पासवर्ड. त्याशिवाय घास नाई."

पंगत हसली. शकुबाईनं नंदिनीकडं पाहलं. या वेळी जवळ यायचं कामच पडलं नाई.

"पासवर्ड नाई, भाऊजी," नंदिनी म्हनली. "काढून टाकला. उघडंच हाय, जाऊन पाहा."

तो ताट घेऊन उठला. सपरीत जाऊन खुर्चीवर बसला. वाढताना नंदिनीले त्याची पाठ दिसून राह्यली होती. त्यानं तिचं खातं उघडलं, एक फोल्डर उघडलं, दुसरं उघडलं, मांगं गेला, परत तेच उघडलं. सातबारे होते, लोकायचे फारम होते, बारशाचे फोटो होते. लहान पोट्ट्याले विचारावं तसं त्यानं तिले विचारलं, "दुसरीकडं ठेवलं का व?"

"नाई."

"रुबीनाकडं?"

"नाई."

"खरं सांग. लिवलं असन ना काहीतरी वर्षभरात."

अन् हेच तं हाय ना. त्याले वाटून राह्यलं होतं का लपवलं. पंगतीले बी वाटलं असन, लपवलं. लपवलं असतं तं तिले बी बरं वाटलं असतं. कितीकदा ते संध्याकाळची त्या खुर्चीवर बसली होती अन् कोरं पान उघडून परत बंद केलं होतं. लपवाले काही नव्हतंच.

पंगत थांबून राह्यली. पोट्टे वड्याकडं पाहून राह्यले. मुखरूभाऊ सपरीच्या दाराकडं पाहत होते, मंग ताटाकडं पाहाले लागले.

शकुबाई म्हनली, "झाली बाई समजदार माझी पोरगी. मांगच्या बारी किती आढेवेढे घेतले होते."

नंदिनीनं सुवाऱ्यायची टोपली उचलली अन् सपरीत गेली. श्रीहरीच्या ताटात दोन सुवाऱ्या ठेवल्या.

"तुमचा हट्ट तं पूर्न झाला, भाऊजी," ते म्हनली. "आता जेवा. लोकं थांबलेत."

ती परत पंगतीत वाढाले निघाली. कंप्युटर तसाच उघडा होता. तिची बोटं कुठीच गेली नाई.